शून्याची पाळी

१

सकाळी आधी पंपघराचं कुलूप काढायचं. मग मोटारीच्या पेटीला उलट्या हाताने शिवून बघायचं, कुठे करंट उतरलाय का. मग कॉम्प्युटरवरचं फडकं झटकायचं आणि टाकीखाली येऊन उभं राहायचं. थोड्या वेळाने टाकीवरचा भोंगा खरखरतो आणि माझी आक्का बोलते.

"नमस्कार. आज पाणी, मारुती गल्ली, यांना. भांडी तयार ठेवा."

ती बोलली की मी टाकीखालच्या खड्ड्यात उतरतो आणि मारुती गल्लीच्या व्हॉल्व्हचं चाक फिरवतो. गावाला पाणी सोडणं हे माझं काम. आठवीत शाळा सुटली तेव्हापासून हेच करतो.

आमचं गाव गेवराईपासून आत आहे. पाच गल्ल्या. रोज एका गल्लीला पाणी. पूर्वी पाळीवरून डोकी फुटायची. काल तुमची झाली, आज आमची, सरपंचाच्या गल्लीला रोजच कसं काय, असं चालायचं. मग आक्काने पंचायतीच्या मागे लागून एक जुनं कॉम्प्युटर पंपघरात बसवलं. पाळी मशीन ठरवणार आणि मशीनच भोंग्यावरून सांगणार.

"माणसाशी भांडता येतं," ती म्हणाली होती, "मशीनशी कोण भांडंल? पण एक ध्यानात ठेव, हनम्या. भोंग्यानं नाव घेतल्याबिगर चाकाला हात लावायचा न्हाई. देव आला तरी न्हाई."

मी तो नियम कधी मोडला नाही.

आक्का म्हणजे रोहिणी, माझी मोठी बहीण. संक्रांतीनंतर ती गेली. आवाज राहिला.

२

आवाज भरला त्या दिवशी तिने मला बाहेर उभं केलं होतं, पत्र्यावरची कबुतरं हाकलायला. आत ती एकेक शब्द वेगळा बोलत होती. "नमस्कार" वेगळं, "आज पाणी" वेगळं, गल्ल्यांची नावं वेगळी. मधेच चुकायची आणि हसायची. तिचं हसू असं एकदम फुटायचं आणि मग नाकातून निसटायचं. नंतर तिने ते सगळं हसू पुसून टाकलं. स्वच्छ शब्द तेवढे ठेवले. आता वाटतं, उलटं करायला पाहिजे होतं.

व्हॉल्व्हच्या चाकांवर तिने लाल ऑइलपेंटने आकडे घातले. पण मोजायला सुरुवात केली ती शून्यापासून. वेशीच्या गल्लीला शून्य आलं. विठ्ठलराव सरपंच त्याच गल्लीतले. ते टाकीखाली येऊन उभे राहिले.

"आमी काय शून्य हाव का, पोरी?"

"आप्पा, मशीन शून्यापासूनच मोजतं. म्हंजी पैला मान तुमचा."

"मग न्हाव दे," आप्पा म्हणाले आणि मिशीवरून हात फिरवत गेले. आमच्या नव्या वस्तीला शेवटचा आकडा आला. आक्का स्वतःच्या गल्लीला पुढे घेणाऱ्यांतली नव्हती.

त्याच रंगाने तिने विहिरीच्या आत खुणा घातल्या होत्या, पाणी किती आहे ते वरून दिसावं म्हणून. तळाशी शून्य आणि तिथून वर. ही विहीर पंपघराच्या समोरच आहे, मोटार तिच्यातूनच टाकीत पाणी चढवते. खुणा फिक्या झाल्या म्हणून ती रंगाचा डबा घेऊन लोखंडी शिडीवरून उतरत होती. वरून दुसरी पायरी गंजली होती. मी त्या दिवशी मोटारीचं सामान आणायला गेवराईला गेलतो.

तिला वर काढली तेव्हा उजव्या हाताची बोटं लाल होती. बायकांनी रॉकेलने घासली. रंग निघाला नाही. तशीच नेली.

३

ती गेल्यावर महिनाभरात एका दुपारी लाईन जास्त दाबाने आली आणि जुनं कॉम्प्युटर जळालं. आक्काचं सगळं लिहिलेलं एका पेनड्राइव्हवर होतं, आवाजही. आप्पांच्या भाच्याने पुण्याहून त्याचं वापरलेलं कॉम्प्युटर पाठवून दिलं, वेगळ्या कंपनीचं. बीडहून सोमनाथ आला. तो आक्काबरोबर कॉलेजात होता, आता बीडला त्याचं दुकान आहे. त्याने आक्काचा प्रोग्रॅम नव्या मशीनमध्ये टाकला आणि सुरू केला. भोंगा बोलला. माय अंगणात भाकरी थापत होती. तिचे हात तसेच पिठात थांबले.

दुसऱ्या दिवशी वेशीच्या गल्लीची पाळी होती. मी टाकीखाली उभा होतो. बायका नळाला कळशा लावून बसल्या होत्या.

"नमस्कार. आज पाणी,"

आणि पुढे काही नाही. भोंगा बंद पडला नव्हता. चालू भोंग्याची बारीक घरघर येत होती. मी वर बघत राहिलो. एखादं माणूस दारात उभं राहून काही बोलणार आणि बोलत नाही, तसं वाटलं.

"यांना. भांडी तयार ठेवा."

मोमीन गल्लीच्या जरीनाचाची रस्त्याने चालल्या होत्या. त्या हसल्या. "कावून रे हनम्या, रोहिणी नाव इसरली का आज?" म्हटलं आणि लगेच तोंडावर पदर घेतला. "तोबा. ध्यानातच न्हाई राहिलं, बेटा."

वेशीच्या गल्लीतली माणसं आली. म्हणाली, आज आमचीच पाळी, फिरव चाक. मी म्हणालो, नाव घेतलं का? नाही घेतलं. मग नाही. खूप बोलाचाली झाली. मी खड्ड्याच्या झाकणावर बसून राहिलो. त्या दिवशी गावात कोणालाच पाणी सोडलं नाही.

संध्याकाळी टाकीवर चढून बघितलं. टाकी रिकामी होती.

४

सोमनाथला फोन लावला. त्याला टाकीचं सांगितलं नाही, नावाचं सांगितलं. तो म्हणाला, थांब, बघतो. त्याला दुकानातून आमच्या मशीनमधलं दिसतं. जरा वेळाने त्याचाच फोन आला.

"सापडलं. मशीनमधी एक शेल आसतो, हनुमान. शेल म्हंजी दुभाषी समज. आपण लिव्हलेलं मशीनला समजून सांगणारा. रोहिणीच्या जुन्या मशीनमधी जो व्हता, त्याचं नाव बॅश. तो शून्यापासून मोजतो. ह्या नव्या मशीनवर दुसराच बसलाय, झेड-शेल. ह्यो एकापासून मोजतो. म्हणून सगळ्या गल्ल्या एकानं मागं सरकल्या. शून्याच्या दिवशी ह्याला नावच सापडत न्हाई. ह्याच्या लेखी शून्यावर कुनी ऱ्हातच न्हाई."

"आन् आमची नवी वस्ती?"

"ती शेवटाला व्हती. ती पार भाईर पडली. तुमचं नाव आता कधीच येनार न्हाई."

"आक्का चुकली का मग?"

"चुकली न्हाई. पैल्या ओळीत लिव्हायला पायजे व्हतं, हे कोणत्या शेलनं वाचायचं. तिला काय माहीत, दुसरं मशीन येईल म्हनून. एका ओळीचं काम हाय. टाकू का आत्ता?"

माझ्या तोंडून "नको" निघून गेलं.

"कावून?"

आक्काची अशी एक सवय होती. मी लहान होतो तेव्हा माय आम्हाला शिकवायची, एका हाकेला ओ द्यायची नाही. माणूस तीन वेळा हाक मारतं, ते दुसरं एकदाच मारतं आणि वाट बघतं. आक्काला त्याची मजा वाटायची. ती कोपऱ्याआड जाऊन एकदाच हाक मारायची आणि गप्प बसायची. मी ओठ दाबून उभा राहायचो. शेवटी तिलाच हसू फुटायचं.

भोंग्यातली ती जागा तशीच होती.

"ऱ्हाऊ दे," मी सोमनाथला म्हणालो. "मी सांगतो तुला मग."

५

पुढची शून्याची पाळी आली तेव्हा मी आधीपासूनच खड्ड्यात उतरून बसलो होतो. पाचही चाकं घट्ट होती. प्रत्येकाला पाना लावून बघितला.

वर भोंगा बोलला. "नमस्कार. आज पाणी," आणि थांबला.

तेव्हाच पाइप थरथरला.

गल्ल्यांना जाणारा एकही पाइप नाही. विहिरीवरून टाकीत पाणी चढवणारा जो मोठा पाइप आहे, तो. त्यावर हात ठेवला. थंडगार झाला होता आणि आतून पाणी पळत होतं. मोटार बंद होती. पाणी उलटं चाललं होतं, टाकीतून विहिरीकडे.

मला बरं वाटलं, खरं सांगतो. कारण याला कारण असतं. त्या पाइपावर एक झडप असते, पाणी एकाच बाजूला जाऊ देणारी. ती खराब झाली की टाकी उलटी रिकामी होते. मी त्याच दिवशी झडप खोलली. आतला रबर चांगला होता. तरी नवी आणून बसवली.

नव्या झडपेनेही तसंच केलं. इतर दिवशी थेंब परत जात नव्हता. फक्त शून्याच्या पाळीला, फक्त ती थांबली की.

६

गावाला याचं काही वाईट वाटलं नाही. ऊन वाढत होतं. आसपासच्या गावांना टँकर लागले होते. आणि आमच्या विहिरीचं पाणी वर येत होतं. दर शून्याच्या पाळीला एक लाल खूण बुडायची. टाकीतलं सगळं पाणी परत गेलं तरी विहीर इतकी भरायला नको. पण असा हिशेब कोण करतं? लोक काठावर येऊन वाकून बघायचे आणि हात जोडायचे.

"शून्य नंबर मलाच दिला व्हता न्हवं पोरीनं?" विठ्ठलरावआप्पा म्हणाले. "बघ, शून्याचा मान. एक दिस आमची गल्ली उपाशी ऱ्हातीय, पण गाव पितंय. मशीनला हात लावू नगंस, हनुमान. त्या बीडवाल्याला बी सांग."

मला तर लावायचाच नव्हता.

आमच्या नव्या वस्तीला पाळी येतच नव्हती. मी जरीनाचाचींकडून पाणी आणायचो. त्या टोमणे मारायच्या, "गावाला पाणी पाजतो आन् घरी कोरडा. तुजं लगीन कसं व्हायचं बे?" माय आधी आणलेलं पाणी भरून घ्यायची. मग तिने ते सोडलं. ती स्वतः कळशी घेऊन विहिरीवर जाऊ लागली. विहिरीला रहाट नाही, दोर नाही. तरी जायची. कळशी कोरडीच परत आणायची.

"माय, तिथं काय करती?"

"बसते."

"उनात?"

"थंड वाटतं तिथं."

मग माझ्या ध्यानात आलं की ती शून्याच्या पाळीलाच जाते. मी तिला पाळीचं कधी सांगितलं नव्हतं. कॅलेंडर तिला वाचता येत नाही.

त्या दिवशी जेवताना ती म्हणाली, "लई वर आली रे आता."

"पाणी व्हय?"

तिने माझ्याकडे बघितलं, आणि माझ्या ताटात अजून एक भाकरी टाकली.

७

सोमनाथला मी पंपघरात बोलावून घेतलं. त्याला शून्याच्या पाळीला मुद्दाम आणलं. भोंग्याच्या तारेला त्याने कानाचे हेडफोन जोडले. एक माझ्या कानात, एक त्याच्या.

"आता नाव सापडत न्हाई म्हंजी काय व्हतं?" मी विचारलं.

"कायबी न्हाई व्हत. रिकाम्या नावाची फाईलच न्हाई. मशीन ती शोधतं, गावत न्हाई, फुडं जातं. डोळ्याचं पातं लवायच्या आत."

"मग इतका वेळ का थांबतं?"

तेवढ्यात भोंगा खरखरला.

"नमस्कार. आज पाणी,"

कानात लावल्यावर ती शांतता वेगळी होती. रिकामी खोली आणि कोणी श्वास धरून उभं असलेली खोली, दोन्ही गप्पच असतात. पण कळतं. ही जागा गोल होती, ओली होती. खूप वर कुठेतरी कबुतरं घुमत होती आणि लोखंडावर काहीतरी हळू घासत होतं. मग ते थांबलं. जवळच थांबलं.

"यांना. भांडी तयार ठेवा."

सोमनाथने हेडफोन काढला. त्याने मशीनमध्ये बराच वेळ शोधलं. मग पडद्यावर बोट ठेवून मला दाखवलं. माझा काय उपयोग, मला ते वाचता येत नव्हतं.

"इथं कायबी वाजलेलं न्हाई," तो म्हणाला. "मधी मशीननं कायच वाजवलं न्हाई, हनुमान."

"माइक चालू आसंल कुठला."

"ह्याला माइक न्हाई."

तो खिडकीकडे बघत होता. पंपघराची खिडकी विहिरीसमोर आहे. काठावर माय बसली होती, पाठमोरी, पाय आत सोडून. तिचं तोंड खाली होतं आणि मान डोलत होती. कोणाचं तरी ऐकताना माणूस डोलावतं तशी.

मी पळत गेलो. तिला मागून धरून ओढली. ती चिडली नाही. म्हणाली, "आरं, नाव घ्यायला लाजतीया ती. मीच ओ दिली पायजे व्हती. पुढच्या खेपंला देते."

मी खाली बघितलं. पाणी जिथे पायरी तुटली होती, तिथपर्यंत आलं होतं. तिच्यावर आता एकच पायरी. मग काठ.

८

सोमनाथ म्हणाला, मी आत्ताच ओळ टाकतो. मी म्हणालो, थांब. मला स्वतःला टाकायची होती. आक्काच्या लिहिण्यात दुसऱ्या कोणी हात घालू नये, असं डोक्यात बसलं होतं. शिवाय आत कुठेतरी अजून एक पाळी ऐकायची होती. हे खरं आहे, म्हणून लिहितो. तो चिडून बीडला गेला.

पुढच्या पाळीच्या दिवशी मी मायला घरात ठेवून बाहेरून कडी घातली. जरीनाचाचींना सांगितलं, लक्ष ठेवा. पंपघरात आलो, सोमनाथला फोन लावून फोन टेबलावर उभा केला. तो एकेक अक्षर सांगत होता आणि मी एका बोटाने शोधून दाबत होतो.

"आधी ते जाळीसारखं. हां. मग उद्गारचिन्ह, उभी रेघ आन् खाली टिंब. मग तिरपी रेघ..."

"ही का?"

"दुसरीकडं तिरपी. ती खोड. घाई करू नगं बे."

"पाळी व्हायला आली, सोमनाथ."

"म्हनून तर म्हनतो, घाई करू नगं."

भोंगा खरखरला.

"नमस्कार. आज पाणी,"

मी मान वर केली. खिडकीतून विहीर दिसत होती आणि काठावर माय होती. कशी आली ते जरीनाचाचींनाही नंतर सांगता आलं नाही. कडी बाहेरून तशीच होती, म्हणत होत्या. माय पोटावर आडवी झाली होती आणि तिचा हात खाली शिडीकडे गेलेला होता. पंपघरापासून तिथवर पळत जायला मला जेवढा वेळ लागला असता, तेवढा नव्हता. दिसत होतं. ती पुढे सरकली. तिने तोंड उघडलं.

मी भोंग्याची तार उपसली. हातात आली. तरी काही थांबलं नाही. ती ओली शांतता तशीच चालू होती, आणि आता ती भोंग्यातून येतच नव्हती. खिडकीतून येत होती.

मी खिडकीच्या गजांना तोंड लावलं आणि मायच्या आधी ओरडलो.

"ओ!"

मायने वळून माझ्याकडे बघितलं. ती वळली म्हणून तिच्या पलीकडची शिडी मला दिसली. वरच्या पायरीवर मायच्या हाताशेजारी दुसरा हात होता. पायरी घट्ट धरलेला. वर यायला जोर लावलेला, पण पाय ठेवायला खालची पायरी नसलेला. ओला होता. उन्हात चमकत होता. बोटं लाल होती.

ओ ऐकून तो हात जरा थबकला. मग एकेक बोट सुटलं.

आणि ते हसू आलं. एकदम फुटलेलं, मग नाकातून निसटलेलं. आक्काने सगळ्यातून पुसून टाकलेलं ते हसू.

"यांना," ती म्हणाली. "भांडी तयार ठेवा."

मी मायला काठावरून ओढून पंपघराच्या सावलीत आणली तेव्हा टेबलावरचा फोन अजून चालूच होता.

"हनुमान? ए हनुमान? कोण हसलं बे तिथं?"

माय माझ्याकडे रागाने बघत होती. मी तिची वाटणी खाल्ल्यासारखं. "तुला बोलावलं व्हतं का तिनं?" ती म्हणाली. "तू कावून ओ दिलीस?"

तिच्या उजव्या हाताच्या बोटांना लाल रंग लागला होता. ओला.

९

ओळ पूर्ण केली. सोमनाथने आपल्याकडून बघून घेतली आणि म्हणाला, बरोबर हाय, आता ही ओळ कधी काढू नगंस.

तेव्हापासून सगळं नीट आहे. वेशीच्या गल्लीच्या दिवशी वेशीच्या गल्लीचं नाव येतं. आमच्या नव्या वस्तीचंही येतं. आमच्या नळाला पाणी आलं तेव्हा मायने कळशी लावली नाही, मीच लावली. टाकीतलं पाणी परत जात नाही. विहीर मात्र उतरत गेली. लाल खुणा एकेक करून उघड्या पडल्या, आणि गावाला आता टँकर लागलाय. आप्पा माझ्याशी बोलत नाहीत. परवा पारावर सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "मशीन दुरुस्त केलं आन् हीर नादुरुस्त केली शहाण्यानं."

मायला मी मामाकडे युसूफ वडगावला नेऊन सोडलं. तिथे बरी आहे. मामी म्हणते, जेवते, झोपते, शेजारी बसायला जाते. बोटांचा रंग निघून गेला.

मी रोज भोंग्याखाली उभा राहतो. "नमस्कार. आज पाणी, शाळेची गल्ली, यांना." शब्द सगळे स्वच्छ आहेत. कुठेही थांबत नाहीत. मधे बोटही घालायला जागा नाही. आधी वाटायचं, निदान आवाज तरी राहिला. आता ऐकतो तेव्हा कळतं की आवाज राहिला म्हणजे काहीच राहिलं नाही. ती जिथे होती ती जागा मीच त्या एका ओळीने बुजवली.

आणि मला तो हात दिसतो. लोक भूत म्हणतील, म्हणू देत. मी बघितलाय. तो हात कोणाला खाली ओढत नव्हता. पायरी धरून वर यायला बघत होता आणि खाली पाय ठेवायला काही नव्हतं. मायला ती ओढणार होती असं मला त्या वेळी वाटलं. आता नाही वाटत. रात्रभर विचार केला तरी आता तसं वाटत नाही.

पाणी उतरलंच होतं. गेवराईच्या कय्युमभाईकडे गेलो. ते वेल्डिंग करतात. त्यांना माप दिलं.

"इतका जाड गज?" ते म्हणाले. "त्या हिरीत आता कोण उतरतंय बे?"

"उतरायला न्हाई, कय्युमभाई."

त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. विहिरीवर यायला त्यांनी नकार दिला. पायरी देऊन टाकली. मग मीच बसवली. दोन्ही बाजूंना बोल्ट घातले. तिच्यावर उभा राहून उड्या मारून बघितलं. हलत नाही.

मग पंपघरात आलो आणि पहिली ओळ पुसली. सोमनाथने सांगितलेलं एकेक अक्षर, उलट्या क्रमाने. आता ते मला कोणाला विचारावं लागत नाही.

उद्या वेशीच्या गल्लीची पाळी आहे. मी आज खड्ड्यातली पाचही चाकं घट्ट केली आहेत, म्हणजे सगळं पाणी विहिरीतच जाईल. खूण खूप खाली आहे. एका खेपेला वर येणार नाही, माहीत आहे. मला घाई नाही.

काठावर एक फडकं ठेवलंय आणि टर्पेंटाइनची बाटली. रंग रॉकेलने निघाला नव्हता. याने निघतो म्हणतात, हात जरा वेळ धरून ठेवला तर.